विश्लेषण : अमेरिकेतल्या बँका कोसळत असताना ४१० शाखांची बँक कशी तरली?

मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील सर्व बँका सरकारी आदेशाने बंद होत्या. कोणत्या बँका पुन्हा उघडायच्या आणि कोणत्या बंदच ठेवायच्या, याच्या याद्या वॉशिंग्टनमध्ये तयार होत होत्या. कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिकाचे नाव कोणत्या यादीत जाणार, हे अगदी शेवटपर्यंत ठरत नव्हते. बँकेच्या ४१० शाखा होत्या आणि ठेवीदार लाखो. शेतकरी, भाजीविक्रेते, मच्छीमार, बंदरावरचे हमाल यांची आयुष्यभराची पुंजी तिथे होती. ही बँक उभी करणारे अमादेओ पीटर जियानिनी यांनी जेमतेम वर्षभरापूर्वी तिचा कारभार परत मिळवला होता. बँक अडचणीत आली की तिचे तुकडे करून विकायचे की तिला आहे तशी सावरायची, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातून कसे मिळते, ते पाहू.

जियानिनी कोण होते?

जियानिनी यांचा जन्म ६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. आईवडील इटलीतील लिगुरिया भागातून आलेले स्थलांतरित. अमादेओ सहा-सात वर्षांचे असताना मजुरीच्या किरकोळ रकमेवरून झालेल्या वादात एका कामगाराने त्यांच्या वडिलांचा जीव घेतला. पुढे आईने लोरेंझो स्काटेना यांच्याशी लग्न केले आणि हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोत आले.

स्काटेना यांचा फळे आणि भाजीपाल्याचा आडतीचा धंदा होता. शेतकऱ्यांचा माल बंदरावर उतरवून घ्यायचा, तो विकायचा आणि आपली आडत ठेवून बाकीचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. अमादेओ यांनी लवकरच शाळा सोडली आणि ते या धंद्यात उतरले. पहाटे बंदरावर जायचे, दिवसा खोऱ्यातल्या फळबागा पालथ्या घालायच्या, बागायतदारांशी थेट बोलून माल ठरवायचा, असा त्यांचा क्रम होता. कोणाच्या बागेत किती पीक येणार, कोण शब्दाला जागतो आणि कोण टाळाटाळ करतो, हे त्यांना तोंडपाठ झाले. पुढे कर्ज देताना हीच माहिती त्यांच्या कामी आली.

१८९२ मध्ये क्लोरिंडा कुनेओ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वयाच्या ३१ व्या वर्षी आडतीतला आपला वाटा त्यांनी तिथल्याच कर्मचाऱ्यांना विकला आणि ते धंद्यातून बाहेर पडले.

आडत्याचा बँकर कसा झाला?

१९०२ मध्ये सासरे जोसेफ कुनेओ वारले. नॉर्थ बीच या इटालियन वस्तीतल्या कोलंबस सेव्हिंग्ज अँड लोन या बँकेच्या संचालक मंडळावर त्यांच्या जागी जियानिनी आले. तिथे थोड्याच काळात खटके उडू लागले. लहान दुकानदार, मजूर आणि नव्याने आलेले स्थलांतरित यांना कर्ज द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. संचालकांना बडे ग्राहक पुरेसे वाटत होते. त्या काळी बँका सर्वसामान्यांना दारात उभे करत नसत. लोक पैसे गादीखाली ठेवत आणि अडीनडीला सावकाराकडे जात.

जियानिनी बाहेर पडले आणि सावत्र वडील व मित्रांच्या मदतीने त्यांनी नवी बँक काढली. नाव ठेवले बँक ऑफ इटली. १७ ऑक्टोबर १९०४ रोजी, पूर्वी दारूचा गुत्ता असलेल्या एका जागेत ती सुरू झाली. पहिल्या दिवशी ८,७८० डॉलरच्या ठेवी आल्या. वस्तीतल्या लोकांना त्यांच्याच भाषेत व्यवहार करता येत होता. स्वतः जियानिनी रस्त्यात लोकांना थांबवून खाते म्हणजे काय आणि व्याज कसे मिळते, हे समजावत. ग्राहक मिळवण्यासाठी बँकरने दारोदार फिरणे तेव्हाच्या बँकवाल्यांना कमीपणाचे वाटे.

भूकंपाने काय शिकवले?

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा जबर धक्का बसला आणि पाठोपाठ आगी लागल्या. जियानिनी तेव्हा शहराच्या दक्षिणेला सॅन मातेओ येथे राहत होते. मिळेल त्या वाहनाने आणि पायी ते दुपारपर्यंत बँकेत पोहोचले. आग पुढे सरकत होती. बँकेत सुमारे ८० हजार डॉलरची रोकड होती. त्यांनी आडतीच्या दोन घोडागाड्या मागवल्या, रोकड त्यात भरली आणि वरून संत्र्यांच्या पेट्या रचल्या. लुटारूंना संशय येऊ नये म्हणून रात्रीच्या अंधारात गाड्या सॅन मातेओला नेल्या.

आग विझल्यावर शहरातल्या मोठ्या बँका वेगळ्याच पेचात सापडल्या. त्यांच्या पोलादी तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की लगेच उघडल्या असत्या तर आतल्या नोटा पेटल्या असत्या. तिजोऱ्या थंड होण्याची वाट पाहणे आणि व्यवहार काही महिने थांबवणे, असा बहुतेक बँकरांचा कल होता. जियानिनी यांना तो मान्य नव्हता. त्यांनी बंदरावर तात्पुरते टेबल मांडले आणि घरे-दुकाने पुन्हा बांधू पाहणाऱ्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली.

त्यांच्याकडची रोकड ठेवींच्या मानाने अगदी थोडी होती. सगळे ठेवीदार एकदम आले असते तर ती पुरली नसती. म्हणून ते मागितलेल्या रकमेच्या साधारण निम्मे कर्ज देत आणि बाकीची सोय कर्जदाराला घरातल्या साठवणुकीतून करायला सांगत. भाजीबाजारात वाढलेल्या या माणसाला वस्तीत घरोघरी सोन्याची नाणी दडवलेली आहेत, हे माहीत होते. बँक सुरू असल्याचे दिसताच ती नाणी बाहेर आली आणि त्यातली बरीचशी बँकेतच जमा झाली. बँक उघडी राहिली की पैसा परत येतो, हा धडा जियानिनी यांनी तेव्हा घेतला.

१९०७ च्या टंचाईत सोन्याची चळत

पुढच्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक घबराट पसरली. ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट ही संस्था कोसळली आणि देशभर बँकांपुढे रांगा लागल्या. अनेक बँका ठेवीदारांना नाण्यांऐवजी कागदी प्रमाणपत्रे देऊ लागल्या.

जियानिनी यांना याची चाहूल आधीच लागली होती. त्यांनी काही महिने आधीपासून नवी कर्जे आवरती घेतली होती आणि सोने साठवायला सुरुवात केली होती. रांगा लागल्या तेव्हा बँक ऑफ इटलीच्या काउंटरवर सोन्याच्या नाण्यांची चळत सगळ्यांना दिसेल अशी रचलेली होती. मागेल त्याला सोने मिळत होते. सोने समोर दिसत असल्यामुळे ते मागणारे कमी झाले.

ठेव विमा नसलेला हा काळ होता. बँक बुडाली की ठेव बुडाली. त्यामुळे बँकेची आर्थिक ताकद ताळेबंदात जेवढी मोजली जाई, तेवढीच ती रांगेतल्या माणसाच्या नजरेनेही मोजली जाई.

शाखांचे जाळे इतके महत्त्वाचे का ठरले?

तेव्हाची बहुतेक अमेरिकी बँक एका गावाची आणि एका इमारतीची असे. अनेक राज्यांत शाखा काढायला बंदीच होती. गावातले पीक गेले की शेतकऱ्याचे कर्ज थकायचे आणि त्याबरोबर गावची बँकही बुडायची. कॅलिफोर्नियाने १९०९ च्या कायद्यात शाखांना वाव दिला आणि जियानिनी यांनी त्याच वर्षी आपल्या जन्मगावी, सॅन होजेत बाहेरगावची पहिली शाखा काढली.

नंतर त्यांनी एकेका गावातली कमजोर बँक विकत घ्यायची, तिथला ओळखीचा कर्मचारीवर्ग कायम ठेवायचा आणि तिची शाखा करायची, असा सपाटा लावला. द्राक्ष, संत्री, कापूस, दूध अशी प्रत्येक खोऱ्याची पिके वेगळी आणि हंगामही वेगळे. एका शाखेत पैसा मागितला जात असे, त्याच वेळी दुसऱ्या शाखेत तो जमा होत असे. त्यामुळे एका गावाचा दुष्काळ एकट्या गावाला सोसावा लागत नसे. १९२७ पर्यंत शाखांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली.

लहान बँकांना मात्र हा अजगर वाटत होता. गावातला पैसा गावाबाहेरच्या माणसांच्या हाती जातो, अशी त्यांची तक्रार होती. राज्याचे आणि केंद्राचे नियामकही जियानिनी यांच्याकडे संशयाने पाहत. एवढी मोठी बँक अडखळली तर सगळे राज्य आडवे होईल, ही त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

तेजीत बँक कुठे घसरली?

शाखांनी दिलेली ताकद शेअर बाजाराने पोखरली. जियानिनी यांनी आपल्या कंपन्यांचे समभाग सर्वसामान्यांना विकले होते. मालकी हजारो हातांत राहावी, हा त्यामागचा हेतू. १९२० च्या दशकातल्या तेजीत हे समभाग भरमसाट वाढले आणि लोक कर्ज काढून ते घेऊ लागले. किंमत अवाजवी झाल्याचे जियानिनी स्वतः सांगत होते, तरी सट्टा थांबला नाही. जून १९२८ मध्ये समभाग कोसळले आणि अनेक लहान भागधारकांची पुंजी गेली.

त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कची बँक ऑफ अमेरिका ही जुनी बँक विकत घेतली आणि सर्व व्यवसायांवर ट्रान्सअमेरिका ही धारण कंपनी स्थापन केली. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत शाखा असलेली बँक उभारायचे त्यांचे स्वप्न होते. त्यासाठी वॉल स्ट्रीटवर वजन असलेला माणूस हवा म्हणून १९३० मध्ये एलिशा वॉकर यांच्याकडे ट्रान्सअमेरिकाची सूत्रे देऊन ते मागे सरले. ३ नोव्हेंबर १९३० रोजी बँक ऑफ इटली आणि कॅलिफोर्नियातील भगिनी बँक एकत्र करण्यात आल्या. या एकत्रित बँकेचे नाव झाले बँक ऑफ अमेरिका.

वॉकर यांची पुनर्रचना काय होती?

तोवर महामंदी सुरू झाली होती. पिकांचे भाव पडले, कर्जे थकली, ठेवी आटू लागल्या. १९२९ मध्ये साठ डॉलरच्या वर असलेला ट्रान्सअमेरिकाचा समभाग घसरतच गेला. वॉकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९३१ मध्ये पुनर्रचनेची योजना मांडली. या सहकाऱ्यांत जाँ मोने होते. पुढे युरोपच्या एकीकरणाचे शिल्पकार म्हणून ते ओळखले गेले. मालमत्तेचे पुस्तकी मूल्य मोठ्या प्रमाणात कमी करायचे, लाभांश थांबवायचा आणि बँका विकून धारण कंपनी मोकळी करायची, असा योजनेचा गाभा होता. न्यूयॉर्कची बँक नॅशनल सिटी बँकेकडे गेलीही. पुढचा क्रमांक कॅलिफोर्नियातील शाखांच्या जाळ्याचा होता.

हिशेबाच्या दृष्टीने वॉकर यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. मूल्य घटले असेल तर ते वहीत दिसले पाहिजे, हा लेखापरीक्षणाचा साधा नियम. पण मंदीच्या तळाशी विक्री म्हणजे मिळेल त्या भावाला विक्री. शिवाय बँक स्वतःच आपली मालमत्ता कमी दाखवते आहे आणि विक्रीला निघाली आहे, असे कळल्यावर ठेवीदार थांबेल कशाला? योजना जाहीर झाल्यावर ठेवी आणखी वेगाने बाहेर जाऊ लागल्या.

जियानिनी यांनी बँक परत कशी मिळवली?

जियानिनी तेव्हा आजारी होते आणि उपचारांसाठी युरोपात होते. विक्रीचा बेत कळताच त्यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला. सप्टेंबर १९३१ मध्ये ते नाव बदलून कॅनडामार्गे गुपचूप कॅलिफोर्नियात परतले आणि त्यांनी विश्वासू सहकाऱ्यांना जमवले.

लढाई मतांची होती. ट्रान्सअमेरिकाचे भागधारक दोन लाखांच्या घरात होते आणि त्यातले बहुसंख्य कॅलिफोर्नियातील सामान्य माणसे होती. व्यवस्थापनाच्या हाती कंपनीची यंत्रणा होती, कर्मचाऱ्यांवर दबाव होता. जियानिनी यांच्याकडे फक्त ओळखी होत्या. एकेकाळी ज्या खोऱ्यांत ते माल ठरवायला फिरले होते, तिथेच आता सभा झाल्या. शाळेच्या, सभागृहाच्या बाकांवर बसलेल्या शेतकऱ्यांना आणि दुकानदारांना प्रॉक्सी म्हणजे काय, सही कुठे करायची आणि बँक विकली तर आपल्या हाती काय राहील, हे समजावण्यात आले. समभाग तोवर दोन-अडीच डॉलरवर आला होता. तोटा सोसलेल्या या लोकांनी जियानिनी यांनाच दोष दिला असता तरी नवल नव्हते.

१५ फेब्रुवारी १९३२ रोजी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे सभा झाली. जियानिनी यांच्या बाजूने दीड कोटीहून अधिक समभागांची मते पडली, तर वॉकर गटाला सुमारे ९५ लाख मिळाली. वयाच्या ६१ व्या वर्षी जियानिनी पुन्हा बँकेत आले.

तुकडे न करता बँक कशी सावरली?

पहिले काम होते गळती थांबवण्याचे. विक्रीची योजना रद्द झाली. जियानिनी शाखाशाखांतून फिरले. चांगले दिवस परत आणण्याची हाक देणारी मोठी जाहिरात मोहीम बँकेने चालवली. वर्तमानपत्रे, रेडिओ, फलक आणि काउंटरवरचा कर्मचारी असे सगळे तिच्यात उतरले. ठेवींची घसरण थांबली आणि नवी खाती उघडू लागली.

मात्र केवळ जाहिरातीने रोकड येत नाही. मंदीत बँकांना आधार देण्यासाठी सरकारने रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले होते. बँक ऑफ अमेरिकाने तिच्याकडून सहा कोटी डॉलरहून अधिक कर्ज घेतले आणि नंतर फेडले. म्हणजे ही बँक पूर्णपणे स्वबळावर तरली, असे म्हणता येणार नाही. दुसरीकडे थकलेल्या कर्जांपोटी हजारो एकर शेती बँकेशी संलग्न कंपनीच्या ताब्यात गेली. सामान्यांच्या या बँकेमुळेही काही सामान्यांची जमीन गेली, ही या यशाची काळी बाजू.

तरीही कर्जवाटप थांबले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या रोख्यांना मंदीत खरेदीदार मिळत नव्हते. १९३२ मध्ये बँकेने ते घेण्याची तयारी दाखवली आणि जानेवारी १९३३ मध्ये पुलाचे बांधकाम सुरू झाले.

मार्च १९३३ मध्ये काय ठरले?

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी त्यांनी देशभर बँकबंदी जाहीर केली. ज्या बँका सक्षम ठरतील त्यांनाच परवाना मिळणार होता. सॅन फ्रान्सिस्को फेडरल रिझर्व्हचे प्रमुख जॉन कॅल्किन्स यांचे मत बँक ऑफ अमेरिकाच्या विरोधात होते. ते जुन्या आकड्यांवर बोट ठेवत होते. वॉशिंग्टनमधील परीक्षकांकडे ताजा अहवाल होता आणि त्यात जियानिनी परतल्यानंतरची सुधारणा दिसत होती. कोणत्या महिन्याचा ताळेबंद खरा मानायचा, यावर लाखो खात्यांचे भवितव्य अवलंबून होते. जियानिनी यांनी कॅलिफोर्नियाच्या सिनेटरांमार्फतही वजन टाकले.

अखेर अर्थमंत्री विल्यम वुडिन यांनी कॅल्किन्स यांना थेट विचारले की, ही बँक बंद ठेवण्याची जबाबदारी ते स्वतः घेतील का. कॅल्किन्स यांनी ती घेतली नाही. मग वुडिन यांनी बँक उघडण्याचा निर्णय दिला. सोमवारी, १३ मार्च रोजी ४१० शाखांचे दरवाजे उघडले. ती बंद राहिली असती तर कॅलिफोर्नियातील कित्येक गावांत एकही बँक उरली नसती.

१९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. शेजारच्या कॅनडात मोजक्याच पण देशभर शाखा असलेल्या बँका होत्या. तिथे एकही बुडाली नाही. शाखांच्या जाळ्याबद्दल जियानिनी यांचा आग्रह बिनबुडाचा नव्हता, हे यातून दिसते. १९३४ पासून अमेरिकेत ठेव विमा लागू झाला. काउंटरवरची सोन्याची चळत जे काम करत होती, ते आता सरकारी हमी करू लागली.

पुढे काय झाले?

बँक ऑफ अमेरिकाने वॉल्ट डिस्ने यांच्या स्नो व्हाइट या पहिल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाला कर्ज दिले. १९४५ मध्ये ती जगातील सर्वात मोठी व्यापारी बँक झाली. जियानिनी मात्र स्वतःसाठी संपत्ती जमवण्यापासून दूर राहिले. १९२० च्या दशकात बँकसमूहाकडून मिळणारी १५ लाख डॉलरची रक्कम त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला शेती अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी देऊन टाकली. ३ जून १९४९ रोजी सॅन मातेओ येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांची मालमत्ता पाच लाख डॉलरपेक्षा कमी होती.

ट्रान्सअमेरिकाबद्दलचा नियामकांचा संशय मात्र त्यांच्या पश्चातही टिकला. १९५६ च्या कायद्याने बँकांवरील धारण कंपन्यांना लगाम घातला. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने आणलेले क्रेडिट कार्ड पुढे व्हिसा या नावाने जगभर पोहोचले. १९९८ मध्ये नेशन्सबँकेने ही बँक विकत घेतली, मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोहून शार्लटला गेले, पण नाव बँक ऑफ अमेरिका हेच ठेवले.

वॉकर आणि जियानिनी या दोघांपुढे बँक एकच होती आणि थकलेली कर्जेही तीच होती. वॉकर यांनी मंदीतल्या विक्रीची किंमत पाहिली. जियानिनी यांनी कर्जदार पुन्हा कमावू लागेल आणि ठेवीदार पुन्हा येईल, हे गृहीत धरले. त्या गृहीतकाला सरकारी कर्जाचा टेकू लागला आणि वुडिन यांच्या निर्णयाचीही गरज पडली. पण त्याआधी, दोन डॉलरवर आलेल्या समभागाचा कागद हातात घेऊन, आपली बँक विकू नये म्हणून सही करणारे हजारो लहान भागधारक होते. त्यांनी ती सही केली नसती, तर मार्च १९३३ मध्ये उघडायला बँकच उरली नसती.